एकसष्टावं मत

“या सिस्टीमवर कुणा कंपनीची मनमानी नाही, बाई. एकेक बटण आम्ही साठ जणांनी मतदान करून ठरवलंय,” देवदत्त ऐटीत म्हणाला. मुख्याध्यापिका टिळेकरबाई हो म्हणाल्या, तर या साठ जणांच्या ग्रुपने तीन वर्षं खपून बनवलेली ऑपरेटिंग सिस्टीम शाळेच्या चाळीस कॉम्प्युटरवर जाणार होती.

“छान आहे हो. आता बंद करा, मला खोलीला कुलूप लावायचंय.”

“बंदचं बटण डावीकडे की उजवीकडे, ते अजून ठरायचंय. तीस-तीस मतं पडलीत.”

“माझं डावीकडे. झालं?”

देवदत्तने खुशीत मत नोंदवलं. डावीकडे बटण उगवलं. त्याने ते दाबलं, तर सिस्टीमने ‘खरंच बंद करायचं?’ हा प्रश्न साठ जणांकडे मतदानाला पाठवला.

बाईंनी संमतीपत्र फाडलं, दिवे घालवले आणि खोलीला कुलूप लावून त्या घरी गेल्या. देवदत्त तेव्हा टेबलाखाली प्लग शोधत होता.