कुंकवाचा अंगठा

लग्न झालं, तरी "घरी चल" म्हटलं की कल्याणीची गाडी सासरी जायचं सोडून संगमनेरला, आईच्याच दारात येऊन उभी राहायची. लायसनवर पत्ता जुनाच होता, आणि गाड्या आता लायसनवरच्या घरालाच घर मानत.

"आलीस पुन्हा?" द्वारकाबाई दारातूनच कडाडल्या. "नवरा तिकडं वाट बघतोय, उद्यापासून जुन्या पत्त्याला दंड बसणार. पत्ता बदल की, बये!"

"त्याला तुझाच अंगठा लागतो, आई. जुन्या घरानं सोडावं लागतं."

द्वारकाबाईंनी लेकीला कुंकू लावलं, ओटी भरली आणि मग गाडीच्या काचेवर अंगठा टेकवला.

"अंगठा वाचता येत नाही," गाडी म्हणाली.

"आई, पूस ना आधी. कुंकू लागलंय."

"कुंकवाचं बोट असं लगेच पुसत नसतात. घाई कसली मेली!"

बऱ्याच वेळानं त्यांनी पदराला अंगठा पुसला आणि पुन्हा टेकवला.

"पत्ता बदलला. जुना काढून टाकू?"

"काढून तर बघ!" द्वारकाबाईंचा आवाज चिरकला. "तिथं माहेर लिही. आणि पोरीनं नुसता उसासा टाकला, तरी इकडं वळायचं. समजलं?"

"समजलं, आई," गाडी म्हणाली.