तांबडं तीर्थ

१९३४च्या उन्हाळ्यात हौसाबाईची दोन्ही लेकरं हगवणीनं गेली. वस्तीतली आणखीही गेली होती. किन्हीराजा गावच्या बाजारासाठी लुगडी रंगवायचं काम मात्र तिनं थांबवलं नाही.

मग एका सकाळी विहिरीचं पाणी तांबडं आलं. देवी प्रसन्न झाली म्हणून बायांनी काठावर नारळ फोडला आणि त्याच पाण्याचं तीर्थ वाटलं.

"घे माय," शेजारची गिरजाबाई म्हणाली. "आता कोनाचं लेकरू नाई जाणार."

हौसाबाईनं ओंजळीतला रंग ओळखला. तरी ती प्याली.



विहीर नासू नये म्हणून रंगाचं उरलेलं पाणी ती विहिरीमागच्या, पाटलांच्या नव्या संडासाच्या खड्ड्यात ओतत होती.