पहिला धडा, कोरा पडदा
नवख्यांना जावास्क्रिप्टच्या लायब्ररीने, म्हणजे तयार कोडने, आलेख काढायला शिकवणारा, धाकटीने लिहिलेला धडा आज ताईवर तपासला जात होता. नियम असा: नवखा उठून गेला तर दुसरा आणायचा, शिकवणारीने तोंड उघडलं तर धडा बाद. धड्याबरोबर धाकटीची नोकरीही जाईल, असं शेजारी बसलेल्या साहेबांनी सुचवलं होतं. संसारापायी नोकरी सोडलेली ताई एकेक ओळ जपून टाइप करत होती. ‘आता आलेख दिसेल,’ धडा म्हणाला. पडदा कोराच. ताईने ओळी पुन्हा ताडून पाहिल्या. सगळं जुळत होतं. “राहू दे गं,” ती कसनुसं हसली. “माझ्याच डोक्याला गंज चढलाय. मी कसली परत कामाला लागतेय.” तिने पर्स उचलली. धाकटीला उमगलं: फाइल सेव्ह केल्याशिवाय आलेख दिसत नाही; ते आपली बोटं सवयीनेच उरकतात, म्हणून धड्यात लिहायचंच राहिलं. “ताई, बस,” ती म्हणाली. “तुझं बरोबर आहे. चुकलेय मी.”