तिसरी शिट्टी

हे मित्रांबरोबर केनियाला सफारीला गेले. "वृंदा, जीपचे धक्के तुझ्या गुडघ्यांना सोसायचे नाहीत," म्हणाले. बॅग मात्र मीच भरली.

त्यांच्या लॉजच्या पाणवठ्यावर लाइव्ह कॅमेरा आहे. इथे लंडनमध्ये, एजवेअरच्या घरी मी किचनमध्ये टॅबलेट डब्याला टेकवून ठेवते आणि हरणं बघत स्वयंपाक करते.

पहिल्याच दिवशी माझ्या कुकरची शिट्टी झाली आणि तिकडे सगळ्या हरणांनी एकदम माना वर केल्या. मग रोजच तसं व्हायला लागलं. फोनवर ह्यांना सांगितलं, तर हसले. "एकटी राहून डोकं फिरलंय तुझं."

आज पाणवठ्यावर ह्यांची जीप आली. गाइड नको म्हणत असताना हे खाली उतरले आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून हरणांचे फोटो काढायला लागले. कुणाचं ऐकायची सवयच नाही.

पहिली शिट्टी झाली. हरणं उधळली. ह्यांच्या मागच्या गवतात एक सिंहीण उठून बसली.

दुसऱ्या शिट्टीला ती उभी राहिली. तिने ह्यांच्या पाठीकडे पाहिलं, मग मान वळवून थेट माझ्याकडे. जेवायला बसू का, असं विचारल्यासारखं.

वरणभाताला तीन शिट्ट्या लागतात.

मी गॅस मोठा केला.