न सापडलेला बिघाड

चावी फिरली. डॅशबोर्डवरचे दिवे लागले, पण स्टार्टर गप्पच.

"ही अशीच करते," कॉरिन म्हणाली. "तो शेजारी बसला असला की पहिल्या झटक्यात चालू. मी एकटी निघाले की मेली."

"तो म्हणजे तुझा नवरा ना, ड्वेन?" व्हर्नाने स्टिअरिंगखालून विचारलं. ती तिथे उताणी पडून टेस्टर लावत होती.

"हो. म्हणतो, तुला साधी चावी फिरवता येत नाही."

"त्याला काय शाळा शिकावी लागते?"

कॉरिन हसली नाही. शेजाऱ्याने सकाळी ट्रॅक्टरला बांधून गाडी इथवर ओढून आणली, तेव्हापासून तिचं सगळं लक्ष रस्त्याकडे होतं. "डिकीत माझ्या बॅगा आहेत," ती हळूच म्हणाली. "बहीण लांब, मॅकिनॉच्या पुलापलीकडे राहते. आज गेले नाही, तर पुन्हा माझ्याच्यानं निघणं व्हायचं नाही."

व्हर्नाने मान हलवली आणि टेस्टर उचलला.

वडिलांमागे तिने हे गॅरेज चालवायला घेतलं तेव्हा सगळ्या गावाने नाकं मुरडली होती. बाई म्हणे वायरिंग बघणार. त्या दिवसापासून 'सापडलं नाही' हे शब्द तिने तोंडातून काढले नव्हते. दुसऱ्यांनी हात टेकलेल्या गाड्या तिच्या दारात यायच्या आणि स्वतःच्या पायांनी परत जायच्या. म्हातारीला फार गर्व आहे, असं लोक म्हणत. होताच, आणि का नसावा?

बॅटरी ठणठणीत होती. स्विचपर्यंत वीज येत होती, चावी फिरवली की पलीकडून बाहेरही पडत होती. तिथे टेस्टरचा दिवा लख्ख लागे. स्टार्टरच्या टोकाला मात्र अंधार. म्हणजे वीज मधल्या वाटेतच कुठेतरी गडप होत होती. व्हर्ना तार बोटांनी चाचपत निघाली. ब्रेकच्या पेडलच्या वर, आत अंधारात, जुन्या मळकट तारेवर नवीकोरी टेप बोटांना लागली. टेपच्या मागे काडेपेटीएवढी काळी डबी होती.

तिने कॉरिनला खाली वाकायला लावलं आणि डबीवर बोट ठेवलं.

"ही गाडीबरोबर आलेली नाही. मागाहून कुणीतरी बसवलीय. खिशातल्या रिमोटचं बटण दाबलं की स्टार्टरची वाट बंद. पुन्हा दाबलं की चालू."

कुणी, ते विचारायची गरज नव्हती. कॉरिन जवळच्या टायरवर मटकन बसली. तिने स्वतःच्या हाताकडे बघितलं.

"म्हणजे मला चावी फिरवता येते," ती म्हणाली.

तेवढ्यात बाहेर पिकअप थांबला. ड्वेनचं हसणं ऐकू आलं. बीटाच्या साखर कारखान्यातून जेवणाच्या सुट्टीत निघालेला दिसत होता, आणि रस्त्यावरच्या बीटवाल्या ट्रकच्या ड्रायव्हरशी गप्पा मारत उभा होता. कॉरिनच्या तोंडचं पाणी पळालं. "त्याला कळलं की मी बघितलंय..."

"ऑफिसात जा. कॉफी ओतून घे," व्हर्ना म्हणाली आणि पुन्हा डॅशबोर्डखाली सरकली.

ड्वेन आत आला तेव्हा ती नुकतीच उठून उभी राहत होती. त्याच्या बुटांना बीटांच्या ढिगातला चिखल होता आणि उजवा हात जाकिटाच्या खिशात होता.

"काय मग व्हर्ना, लागला का पत्ता?"

व्हर्नाने ऑफिसच्या काचेकडे पाहिलं. कॉरिन हातात कप धरून उभी होती.

"नाही," व्हर्ना म्हणाली. "सापडलं नाही."

"सगळं बघितलंस?"

"सगळं. माझी तर मती गुंग झालीय."

"जाऊ दे गं, मनाला नको लावून घेऊस. हे बायकांचं कामच नव्हे. तुझा बाप असता तर त्याला लगेच सापडलं असतं."

"सापडलं असतं," व्हर्नाने पडतं घेतलं.

ड्वेन गाडीत बसला. चावी फिरवली. दिवे लागले, स्टार्टर गप्प. मग पायाखालची चटई नीट करायला वाकावं तसा तो वाकला आणि त्याचा हात पेडलवरच्या अंधारात शिरला. हात चाचपत राहिला, थांबला. डबी जागच्या जागी होती. ड्वेनचा जीव भांड्यात पडला. गाडी चालू होत नाही म्हणून इतका खूश झालेला माणूस व्हर्नाने उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

"पडू दे हिला इथंच," त्याने चावी बाकावर फेकली आणि काचेकडे वळून आवाज चढवला. "कॉरिन, शिफ्ट सुटली की न्यायला येतो. इथंच बस. तसंही जाणार कुठं?"

पिकअप निघून गेला. कॉरिन बाहेर आली.

"मला बोटानं दाखवलीत ती डबी," ती म्हणाली. "आणि त्याच्यापुढं मान डोलावलीत. तुम्हीसुद्धा घाबरलात त्याला."

"घाबरले," व्हर्ना म्हणाली. पिकअप कारखान्याच्या वळणाआड जाईपर्यंत ती दारातून हलली नाही. मग तिने बाकावरची चावी उचलून कॉरिनच्या हातात दिली आणि इतका वेळ मिटलेली डावी मूठ उघडली. दाबून दाबून तळव्यावर वळ उठला होता.

"डबी राहू दे, त्याला चाचपायला. तार मी तिला वळसा घालून जोडलीय," ती म्हणाली. "हा स्टार्टरचा फ्यूज, त्याच्या हातून चालू होऊ नये म्हणून काढला होता. मी बसवते, तू चावी फिरव."