नाव जुळत नाही

माणूस ओळखायला कागद लागत नाही, चेहरा पुरतो. हा सिद्धांत गणपतरावांनी उद्यमनगरात चाळीस वर्षं लोखंड ओतायची भट्टी पेटती ठेवून सिद्ध केला होता. त्या दुपारी ते तो पुन्हा एकदा मोठ्यांदा सांगत असतानाच त्यांच्याच कॉम्प्युटरनं पडद्यावर लिहून दाखवलं : ‘सर्व्हरची ओळख पटत नाही. प्रमाणपत्रावरचं नाव जुळत नाही.’

मेल जाईना. कोटेशन पाचच्या आत पुण्याच्या कंपनीला पोचायला हवं होतं आणि तेही कारखान्याच्याच पत्त्यावरून. दुसऱ्या पत्त्यावरून आलेलं ते उघडूनही बघत नसत. हे काम गेलं तर दिवाळीपर्यंत भट्टी गार आणि ओतारी घरी.

त्यात आजच, कारखान्याच्या माडीवरच्या घरी, त्यांच्या लेकीला, स्वप्नालीला बघायला मुलगा येणार होता. मुलगा पुण्याहून परस्पर, आईवडील गारगोटीहून मागनं. गणपतरावांनी त्याचा बायोडाटा उघडलाही नव्हता. सिद्धांत होता ना.

कॉम्प्युटरच्या दुकानातून उत्तर आलं, “माणूस निघालाय.” थोड्या वेळानं ऑफिसच्या दारात एक दाढीवाला तरुण उभा राहिला. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी.

“नमस्कार. गणपतराव आपणच ना? मी...”

“या पावणं, या! कवाधरनं वाट बघायलोय.” गणपतरावांनी त्याला दंडाला धरून थेट कॉम्प्युटरपुढं बसवलं. “हं, करा सुरू.”

“आता? लगेच?”

“मग काय मुहूर्त काढायचा?”

तरुण गोंधळला, मग कसनुसं हसला. “तुम्ही माणूस पारखून घेता, हे घरी ऐकलं होतं.”

आपली कीर्ती दुकानदाराच्या घरापर्यंत गेल्याचं ऐकून गणपतराव जरा फुलले. मग त्यांनी घड्याळ बघितलं आणि पुन्हा आक्रसले.

तरुणानं आधी कॉम्प्युटरची तारीख तपासली. बरोबर होती. तेवढ्यात जिन्यावरून गणपतरावांच्या बहिणीची, झुंबरबाईंची हाक आली.

“अण्णा, पावणा आलाय! रस्त्यावर पाटी हुडकत हुता, मीच गॅलरीतनं हाक मारलो, ‘पावणं, वर या’ म्हणून. एकटाच हाय. चला की!”

“पोहं घाल त्याला! मेल गेल्याबिगर मी उठत न्हाय!”

तरुणानं मान वर केली. “वर कुणी...?”

“ते आमचं घरचं हाय. तू फुडं बघ.”

पडद्यावर खाली एक बटण होतं : ‘तरीही पुढे जा’. गणपतरावांचं बोट तिकडं सरसावलं. “दाब की ते!”

“नको, मामा. समोरच्याची ओळख पटल्याशिवाय पासवर्ड द्यायचा नसतो. मध्ये कोण बसलंय, कुणाला माहीत?”

“मामा कुणाचा रं मी? काम कर. आणि अत्तर केवढं फासलंयस? मशीन बघाय आलायस का पोरगी?”

तरुणाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानं नजर पडद्यावरून हलवली नाही.

“अण्णा!” पुन्हा जिना. “लई गरीब हाय वो पोरगा. मला जास्त वेळ न्हाय म्हणतोय. पगार इचारला तर म्हणाला, मालकास्नी इचारा!”

“सरळ हाय म्हणायचा. शिरा वाढ.”

“मेलची कंपनी अलीकडं बदललीत?” तरुणानं विचारलं.

“व्हय, गेल्या महिन्यात. कालपतोर चालत हुतं.”

“काल जुन्यांनी दार बंद केलं असणार. आता त्या पत्त्यावर नवाच माणूस दार उघडतोय. तो आपलं खरं नाव सांगतोय आणि आपण जुन्या नावानं हाक मारून म्हणतोय, तू तो नव्हेस. प्रमाणपत्र खोटं नाही. आपलीच हाक चुकतीय.”

त्यानं नव्या कंपनीच्या मदत-क्रमांकावर फोन लावून सर्व्हरचं नाव अक्षर अन् अक्षर विचारून घेतलं आणि जुन्याच्या जागी भरलं. मेल धडाधड आत येऊ लागल्या. गणपतरावांनी देव्हाऱ्याकडं बघून हात जोडले, कोटेशन जोडलं, ‘पाठवा’ दाबलं.

‘नाव जुळत नाही.’

पाचाला थोडकीच मिनिटं उरली होती. गणपतरावांच्या कपाळाची शीर उडू लागली. “आरं, पुन्हा त्येच! येतंय तर जात का न्हाय? बुडालो मी! दुकानात दुसरं कोण शहाणं न्हवतं व्हय?”

शेवटचं वाक्य तरुणाला कळलं नाही. पण विचारण्याची ती वेळ नव्हती. तो वाकून वाचत होता. “येणाऱ्याचं नाव बदललं. जाणाऱ्याचं वेगळं असतं, ते जुनंच राहिलं.” त्यानं तेही बदललं. “आता दाबा.”

गोल चक्र फिरलं. फिरत राहिलं. थांबलं. लगोलग पुण्याहून उत्तर पडलं : ‘मिळाले.’

गणपतराव खुर्चीत सैलावले. भट्टी वाचली. डोळे पुसत त्यांनी तरुणाच्या पाठीवर थाप मारली. “तोंड बघूनच म्हटलं हुतं मी, गडी कामाचा हाय! वरचा पावणा तुझ्या निम्म्यानं जरी निघाला, तर आजच सुपारी फोडतो.”

“वरचा पावणा?” तरुणानं विचारलं. टेबलावरच्या पिशवीतलं पेढ्यांचं खोकं काढता काढता त्याचा हात थांबला.

जिन्यावर पावलं वाजली. खांद्याला मळकी बॅग अडकवलेला, ओठांना शिरा लागलेला एक पोरगा दारात येऊन अवघडून उभा राहिला.

“मालक, पोहं झालं, शिरा झाला, सात पिढ्या सांगून झाल्या. दुकानातनं सारखा फोन यायलाय. आता तेवढा बिघडलेला कॉम्प्युटर दावता का?”