निळ्या बंदुकीचा लेखक

व्याख्यान संपलं, डोंबिवलीच्या त्या वाचनालयात चहा फिरू लागला, आणि निवृत्त प्राचार्य परशुराम पाटलांसमोर एक म्हातारी येऊन उभी राहिली. तिच्या हातात जुनं पॉकेटबुक होतं. मुखपृष्ठावर काळ्या घोड्यावर बसलेला काऊबॉय, त्याच्या मुठीत निळी पेटती बंदूक, मागे घोड्यांवरून येणारी मेलेली माणसं.

पाटलांनी ते लांबूनच ओळखलं. 'निळी बंदूक', भाग सतरावा. असे अठ्ठावन्न भाग त्यांनी 'के. डॅनियल' या नावाने लिहिले होते. कॉलेजात नोकरी लागली आणि त्यांनी ते नाव पुन्हा तोंडातून काढलं नाही. आज तर तासभर ते वाङ्मयीन अभिरुचीवर बोलले होते.

म्हातारीचं नाव आवडाबाई. कळव्याहून आली होती. समृद्धीने, तिच्या नातीने, मोबाइलवर कुठेतरी वाचलं होतं की के. डॅनियल म्हणजे हेच पाटील सर. आवडाबाईचा नवरा राघो मिठागरात कामाला होता. दुपारी भाकरी खाऊन झाली की तो बांधावर बसून ही पुस्तकं मोठ्याने वाचायचा आणि सगळ्या बाया ऐकायच्या. तो गेला तेव्हा गोष्टीतला डॅन शेरीफ मेलेल्यांच्या वेढ्यात अडकला होता. पुढचं वाचून दाखवायला कुणी नव्हतं, म्हणून ती चाळिसाव्या वर्षी अक्षरं शिकली.

वाचनालयाच्या कार्यवाह रचनाताई हे कौतुकाने ऐकत होत्या.

"सर, खरंच तुम्ही?" त्यांनी हसून विचारलं. चारपाच माणसांनी वळून बघितलं.

"नाही हो," पाटील म्हणाले. "परशुराम पाटील एकट्या ठाण्यात पन्नास निघतील."

इतकं सहज निघालं की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

आवडाबाईने लगेच हात जोडले. एवढ्या मोठ्या माणसाला भलत्याच गोष्टीत ओढलं म्हणून तीच ओशाळली. हल्लीच्या पोरींना मोबाइलवर काय वाटेल ते खरं वाटतं, म्हणाली. पुस्तक तिने पदराखाली घेतलं. पाटलांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. रचनाताई बिस्किटांचा ट्रे घेऊन पलीकडे गेल्या होत्या, माणसंही पांगली होती. आता खरं सांगता आलं असतं. त्यांनी चहाचा घोट घेतला.

ती मात्र जाईना. तुम्ही लिहिणारी माणसं एकमेकांना धरून असता, तो डॅनियल कुठे भेटला तर एवढा निरोप द्या, म्हणाली. मग जवळ सरकून, कुणाच्या कानावर जाऊ नये असं हळू बोलली.

"त्याला सांगा, बुकातली ती चेटकीन पायांना गोनपाट बांधून पांढऱ्या जमिनीवरशी चालते ना, तवाच मी वलखला. अमेरिका नाय ती. यो मानूस आपले आगरान रापलेला हाय. आईचं पाय फुटलेलं बघलंय त्यानी."

पाटलांची आई दिवसभर आगरात, मिठाच्या पाण्यात उभी असायची. संध्याकाळी तिच्या टाचांच्या भेगांत कोमट खोबरेल भरायचं काम त्यांचं होतं. ती डोळे मिटून बसायची, आणि चुकून बोट जोरात लागलं तरी हूं की चूं करायची नाही.

"सांगेन," ते म्हणाले.

आवडाबाई दारापर्यंत गेली, चपला शोधता शोधता थांबली आणि परत आली. आता ती जपून, शाळेत शिकल्यासारखं बोलली.

"माफ करा हं साहेब. बोलता बोलता आमची भाषा आली. तुम्हाला समजली ना?"

"हो," पाटील म्हणाले. "थोडीफार."